शेफालीदींनी न चोरलेलं पत्र

शेफालीदींनी आमच्या घरातून पहिल्यांदा चोरली ती कुकरची शिट्टी. दुसऱ्यांदा माझा डावा बूट. चोरी झाली की दाराखालून चिठ्ठी यायची. तिच्यात एक कोडं असायचं, आणि ते सोडवत सोडवत आम्ही वरच्या मजल्यावर त्यांच्याच दारात पोचायचो. तिथे चहा तयार असायचा. चोरीचा माल ट्रेमध्येच, बिस्किटांशेजारी.

बाई विक्षिप्त होत्या, हे मी नाकारत नाही. पण कलकत्त्यातल्या मुलांसाठी त्या पंचवीसेक वर्षं बंगालीत हेरकथा लिहीत होत्या. दुर्गापूजेला तिकडे विशेषांक निघतात, आपल्या दिवाळी अंकांसारखे. त्यात दरवर्षी त्यांची झिमली नावाची बारा वर्षांची डिटेक्टिव्ह एक गुन्हा उलगडायची. आणि शेफालीदींचा नियम असा, की स्वतः करून पाहिली नाही ती चोरी लिहायची नाही. "मोठ्यांना फसवता येतं, सुहासबाबू. मुलांना नाही." आमच्या घराची किल्ली त्यांच्याकडे असायची, कुंड्यांना पाणी घालायला म्हणून आम्हीच दिलेली.

वडील रेल्वेत, त्यामुळे लहानपण नागपुरात गेलेलं. मराठी फाडफाड बोलायच्या, फक्त तो-ती-तेशी त्यांचं काही देणंघेणं नव्हतं. "काल काय थंडी होती" म्हटलं तरी विचारायच्या, "पुरावा काय?" यजमान गेल्यावर मुलाकडे शिकागोला आल्या. वर्षभरात मुलाने सिॲटलला नोकरी घेतली. या मागे राहिल्या, कारण कादंबरी अर्धी झाली होती. ती पूर्ण झाली, पुढच्या तीन झाल्या, तरी या आमच्या डोक्यावरच.

हे सगळं गमतीचं होतं, फेब्रुवारीतल्या त्या गुरुवारपर्यंत.

शुक्रवारी सकाळी आठला आमचा ग्रीन कार्डाचा इंटरव्ह्यू होता. सहा वर्षं आम्ही त्याची वाट पाहिली होती. बोलावण्याचं पत्र सोबत आणलंच पाहिजे, असं पत्रावरच ठळक छापलेलं. ते जपायची जबाबदारी मी मोठ्या तोंडाने अंगावर घेतली होती. दुपारी तीनला फाइल उघडली तर पत्र नाही. पलंगाखाली पाहिलं, गाडीत पाहिलं, कचराही उपसला. माझी बायको सुषमा लॅबमधून सहाला येणार होती. तिला फोन करायची माझी छाती होईना.

मग एकदम डोक्यात आलं, आणि मी दोन-दोन पायऱ्या गाळत वर गेलो.

"शेफालीदी, पत्र द्या. आज खेळ नको."

"कोणता पत्र?"

मी ओरडलो. या वयात लोकांच्या वस्तू पळवायची लाज वाटत नाही का, असंही म्हणालो. आज आठवलं तरी कान गरम होतात.

त्यांनी शांतपणे पेनाला टोपण लावलं. "मी कागद कधी चोरत नाही. कागदावर कोणाचा तरी मेहनत असतो." मग शाल घेतली आणि माझ्या पुढे जिना उतरल्या.

आमच्या किचनच्या मधोमध त्या नुसत्या उभ्या राहिल्या. साडेचार वाजले होते. खाली एखाद्या गाडीचं दार वाजलं तरी मी खिडकीशी धावत होतो.

"पत्र शेवटी कधी पाहिला?"

"रविवारी."

"रविवारी मी काय नेला?"

"सुषमाचा चष्मा."

"सुषमा काय म्हणाली?"

"म्हणाली, या बाईपासून घरात काही सेफ नाही." बोलून गेलो आणि जीभ चावली.

त्यांनी शाल अंगाभोवती घट्ट ओढली. "इथे असा कोणता डबा आहे, जो मी कधीच उघडणार नाही?"

साखर त्या मागायच्या. मोहरी मागायच्या. पोहेसुद्धा. मी फळीवरून नजर फिरवली. "भाजणी. थालीपिठाची. तुम्हाला तिचा वास सहन होत नाही."

डबा काढला. भाजणीच्या पोटात, प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळलेलं पत्र होतं. सुषमाने ते जपून ठेवलं होतं आणि मला सांगायचं विसरली होती.

मी खुर्चीत कोसळलो आणि वेड्यासारखा हसत सुटलो. शेफालीदी हसल्या नाहीत.

"माझ्यापासून लपवला," त्या म्हणाल्या. "पुरावा मिळाला."

इंटरव्ह्यू सुरळीत झाला. परत आलो तर दाराशी कागदी पिशवी होती. आमचा एक हातमोजा, नेलकटर, डोशाचा कालथा, अजून न सुटलेल्या कोड्यांचा सगळा ऐवज. तळाशी आमची किल्ली. चिठ्ठी नव्हती.

सुषमा रडली. आम्ही दोघं वर जाऊन माफी मागून आलो. त्यांनी दारातूनच "छे छे" केलं, चहा विचारला नाही. दार लावताना मात्र म्हणाल्या, "इथे माझा पुस्तक वाचू शकेल असा एक माणूस नाही. नातवंडं पण नाही. तुम्ही शोधत यायचे, तर मला वाटायचा, कोणीतरी वाचतंय."



त्याच संध्याकाळी मी किल्ली त्यांच्या दाराखालून आत सरकवली. कुकरची शिट्टी काढून आमच्या टेबलावर मधोमध ठेवली. सोमवारी ती तिथेच होती. बुधवारीही. सुषमा पातेल्यात तासभर डाळ शिजवायची आणि चकार शब्द काढायची नाही.

शुक्रवारी ऑफिसमधून आलो तर टेबल रिकामं. दाराखाली चिठ्ठी. उत्तर आम्हाला ठाऊकच होतं. तरी कोट न काढता आम्ही दोघं तिथेच जमिनीवर बसलो आणि ते कोडं पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत, सावकाश, दोनदा वाचलं.