तायडे सरांची गिनती

माझ्या सख्ख्या काकांच्या मयतीत तायडे सरांनी जे केलं, त्यापायी आमची काकू आजही त्यांचं नाव निघालं की तोंड फिरवते. अग्नी देऊन आम्ही परत निघालो, तर हा माणूस स्मशानाच्या फाटकात उभा. बाहेर पडणाऱ्या एकेकाच्या खांद्याला बोट लावून मोजून राह्यला होता. शेवटचा माणूस निघाल्यावर माझ्याजवळ आले अन् कानाशी लागून म्हणाले, "बाबू, येतानी आपण त्रेचाळीस होतो. आता बेचाळीसच भरून राह्यले. एक कोठी राह्यला?"

मी म्हटलं, "सर, त्यालेच तर पोचवाले आलो होतो आपण!"

"हाव का? मंग बराबर हाये." एवढं बोलून ते शांतपणे चालू लागले. माझा चुलत भाऊ, बापाला नुकता अग्नी दिलेला, डोळे पुसता पुसता फसकन हसला. काकूनं ते पाहिलं.

तायडे सर आमच्या कॉलेजचे शारीरिक शिक्षण संचालक. पाटीवर तसं लिहिलं आहे, गाव मात्र 'पीटीवाले तायडे' म्हणतं. मी तिथला मोठा बाबू, म्हणजे हेड क्लार्क. मी बदलून इथं आलो तेव्हा सरांची अर्धी नोकरी होऊन गेली होती. वाळकं शरीर, उन्हानं रापलेलं कपाळ अन् गळ्यात शिट्टी. ही शिट्टी लग्नातही उतरत नाही अन् बुद्धविहारातही. आणि तोंडात एकच वाक्य, "गिनती भरल्याबिगर मैदान सोडाचं नाई."

बरं, मैदान सोडा, हा माणूस एसटीसुद्धा सोडू देत नाही. एकदा कबड्डीची टीम घेऊन हिवरा आश्रमला चालले होते, हिशेबाचे कागद घेऊन मीही सोबत होतो. प्रत्येक थांब्यावर सर उठायचे, पोट्टे मोजायचे, मगच डबल बेल. शेवटी कंडक्टर वैतागला, "मास्तर, बिल्ला घ्या अन् तुम्हीच चालवा!" सरांनी त्यालाही मोजला. "तुम्ही धरून पंधरा. चालू द्या."

मी वेळेचा पक्का माणूस आहे. पाच म्हणजे पाचला कपाटाला कुलूप. त्यामुळे सरांचं अन् माझं कधी जमलंच नाही. त्यातल्या त्यात डोकं फिरायचं ते क्रॉसकंट्रीच्या दिवशी. दहा किलोमीटरची ही आंतरमहाविद्यालयीन शर्यत दर ऑक्टोबरात आमच्याकडंच असते. कॉलेजच्या फाटकातून निघून मोताळ्याच्या अंगानं कपाशी-तुरीतून फिरून परत फाटकात. पहिला येणारा छातीनं धागा तोडतो. तो धागा धरायला सारा स्टाफ पुढे, कारण फोटो निघतो. पहिले तीन आले की ढाल, हार, भाषण, नाश्ता. पाहुणे गेले की मंडपवाला खुर्च्या उचलायला सुरुवात करतो.

तेव्हा तायडे सर खिशातून दुसरा धागा काढायचे. लाल लोकरीचा, बायकोच्या विणकामातला. एक टोक फाटकाजवळच्या निंबाला बांधायचं, दुसरं आपल्या हातात. कारण दुसरं टोक धरायला कोण थांबतो? जो सर्वात शेवटी लंगडत येईल, त्यानं तो धागा तोडायचा. मग सर त्याच्या पाठीवर थाप मारणार, "गिनती भरली!" आम्ही पोहे खात खिडकीतून हसायचो. मी तर सर्वात जास्त.

एका साली चाळीस सुटले अन् एकोणचाळीसच आले. अकरा वाजले, बारा वाजले. ऊन असं की डांबर चपलेला चिकटावं. मी जाऊन म्हटलं, "सर, चला आता. गेला असन एखादी बस पकडून. पोट्टे असेच करते."

सरांचा चेहरा काळाठिक्कर पडला. "बाबू," ते ओरडले, "ते वाक्य पुन्यांदा माह्यासमोर बोलाचं नाई!"

तीन मास्तरांना मोटारसायकली घेऊन पिटाळलं. रस्त्याच्या दोन्ही अंगांच्या तुरी तुडवून काढल्या. शेतकऱ्यांच्या शिव्या खाल्ल्या. दिवस बुडता बुडता कळलं, बेटा खरंच सहाव्या किलोमीटरला नांदुऱ्याच्या बसमध्ये बसला अन् घरी जाऊन जेवून झोपला! सर तडक त्याच्या घरी. मला राहवेना म्हणून मीही मागं. म्हटलं, आज या पोट्ट्याची काही खैर नाही. तो धान्याच्या कोठीमागं लपला होता. सर उंबऱ्यावर बसले, तांब्याभर पाणी प्यायले, त्याच्याकडं पाहत राहिले.

"हायेस ना बे?" ते म्हणाले. "बस झालं."

दुसऱ्या दिवशी त्यांनी स्टाफरूममध्ये जिलेबी वाटली. शर्यतीतून पळून गेलेल्या पोट्ट्याची जिलेबी! मी खाल्ली नाही. वेड्याच्या नादाला किती लागायचं?

औंदा सर रिटायर व्हायचे होते. विद्यापीठाकडून 'उत्कृष्ट क्रीडा संचालक' पुरस्काराचं पत्र आलं. प्राचार्य मला म्हणाले, "देशमुख, तायड्यांचा प्रस्ताव बनवा." पण अट अशी की कारकिर्दीत कॉलेजला विद्यापीठाचं एक तरी सुवर्णपदक पाहिजे. मी सरांना विचारलं. ते म्हणाले, "सोनं नाई. शोधू नका."

मी खरंच शोधलं नसतं. पण तायडे वहिनी ऑफिसात आल्या, अशा कधी आल्या नव्हत्या. पदराचा काठ बोटाला गुंडाळत म्हणाल्या, "भाऊ, साऱ्या जिंदगानीत घरात एक ढाल नाई आली. लोकं हसते यायले. जाता जाता काही तरी भेटू द्या." त्या गेल्या अन् मला माझेच पोहे आठवले. लाज वाटली, खोटं काऊन बोलू?

मग मी जुन्या फाइलींचे गठ्ठे सोडले. धुळीनं शिंका येऊन येऊन नाक लाल झालं, अन् सापडलं! क्रॉसकंट्रीचं निकालपत्रक. प्रथम क्रमांक, सुवर्ण, आमचं कॉलेज. खाली सही तायड्यांची. सर्वात शेवटच्या ओळीत छाती क्रमांक एकतीस, अन् त्यापुढं सरांच्याच अक्षरात 'सोडून दिली'. ती ओळ मी नीट पाहिलीही नाही. कागद नाचवत मैदानावर गेलो. सर चुन्याची रेघ ओढत होते.

"सर, हे काय? सोनं लपवून ठेवता?"

त्यांनी कागद घेतला नाही. नुसता पाहिला. "ते लिहाचं नाई, बाबू."

"काऊन पण?"

चुन्याचं घमेलं खाली ठेवून ते तिथंच मातीत बसले. मीही बसलो.

"तुम्ही इथं याच्या आधीची गोष्ट हाये. त्या साली आपला पोट्टा पहिला आला. कॉलेजचं पहिलं सोनं. मी हवेत होतो. पाहुण्याले गाडी गाठाची होती, निकाल द्या, निकाल द्या लावलं. एकतीस नंबर यायचा राह्यला होता. कोनीतरी म्हटलं, गेला असन बस पकडून. मी 'सोडून दिली' लिहिलं, अन् ढाल घेऊन फोटोले उभा राह्यलो."

मी निकालपत्रकाची घडी घातली.

"दुसऱ्या दिवशी फाटकात त्याची माय. धामणगाव बढ्याहून आलती. म्हने, मास्तर, माहा पोट्टा काल घरी नाई आला." सरांनी चुन्यानं भरलेले हात गुडघ्यांवर पुसले. "नाल्याजवळच्या तुरीत सापडला. रस्त्यापासून दहा पावलं. डॉक्टर म्हने, ऊन लागलं. म्हने, दुपारपर्यंत जीव असन त्याच्यात. त्यानं सोडली नव्हती, बाबू. थो येऊनच राह्यला होता."

घमेल्यातला चुना बोटानं सारखा करत ते म्हणाले, "दर साली रेस झाली की जातो म्हातारीकडं. एका शब्दानं बोलली नाई मले आजलोक. फक्त विचारते, मास्तर, सारे आले काय? मी म्हनतो, हाव माय, सारे आले. मंग भाकर वाढते."

ऑफिसात येऊन मी फॉर्म पुढं ओढला. सुवर्णपदकांच्या रकान्यात लिहिलं, 'निरंक'. इतक्या नोकरीत जाणूनबुजून लिहिलेली ही माझी पहिली खोटी नोंद. प्राचार्यांनी झापलं, पुरस्कार दुसऱ्याला गेला. वहिनींना मी काय सांगणार होतो? त्या रस्त्यात भेटल्या की अजून मीच मान खाली घालतो.

फॉर्म गेला त्याच आठवड्यात सरांची शेवटची क्रॉसकंट्री झाली. ढाल झाली, भाषणं झाली, पोहे आले. मी बशी ठेवली अन् फाटकाशी गेलो. सर लाल धागा निंबाला बांधतच होते. मी ते टोक सोडलं अन् माझ्या हातात धरलं. सरांनी पाहिलं. म्हणाले एवढंच, "ढिल्ला सोडू नका."

साडेअकराला शेवटचा आला. बुटाचा तळ निघालेला, एक बूट हातात, तोंडाला फेस. त्याला धागा दिसला तसा तो चालायचं सोडून पळायला लागला. धागा तुटला. सरांनी त्याला छातीशी धरला, पाणी पाजलं, सावलीत बसवला.

"एकेचाळीस," ते म्हणाले.

"एकेचाळीसच सुटले होते, सर. गिनती भरली."

"हाव."

पण हातातला तुटका धागा काही त्यांनी गुंडाळला नाही. मोताळ्याच्या रस्त्याकडं पाहत तसेच उभे. रस्त्यावर कोणी नव्हतं. मंडपवाला खुर्च्या आपटत होता.

"बाबू, अजून पाच मिनिटं थांबता काय?"

मी थांबलो. पाच झाली, दहा झाली. मग सरांनी माझ्या हातातलं टोकही घेतलं, दोन्ही तुकडे एकत्र गुंडाळून खिशात ठेवले अन् म्हणाले, "चला, धामणगावची गाडी येईन आता. म्हातारी वाट पाहून राह्यली असन."