सतराशे झाकणं

बहिणीच्या पत्राला चार महिने झाले, तरी काकांनी उत्तर दिलं नव्हतं. पत्र दोनच ओळींचं होतं. ‘हे गेले तेव्हा तू आला नाहीस. का, एवढंच कळव.’ काकांनी अकरा उत्तरं लिहिली. प्रत्येक उत्तर दुसऱ्या पानावर हवापाण्याकडे वळायचं आणि टोपलीत जायचं.

काका बुटांच्या पॉलिशच्या कारखान्यात इंकजेट प्रिंटर सांभाळत. पट्ट्यावरून डब्या सरकायच्या आणि प्रिंटर त्यांना न शिवता, वरूनच शाई उडवून, प्रत्येक झाकणावर बॅच नंबर, तारीख आणि वापरायची मुदत उमटवायचा. दोन ओळी, ओळीला वीस अक्षरं. त्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत काकांच्या मनात आलं, इथे हवापाण्याला जागाच नाही. त्यांनी चाचपडत बटणं दाबली आणि एका झाकणावर छापून पाहिलं.

‘ताई, धीर झाला नाही.
माझं चुकलं.’

आपलं म्हणणं असं छापील अक्षरांत पाहून काकांना भरून आलं. ते तोंड धुवायला नळावर गेले. तेवढ्यात भोंगा वाजला आणि पट्टा सुरू झाला.

तपासणीच्या बाईंनी पट्टा थांबवला, तोवर सतराशे डब्या माफी मागून बसल्या होत्या.

“काका, या ताई कोण?”

“माझी थोरली बहीण.”

“आणि बॅच नंबर?”

“तो राहिला.”

सुपरवायझर आले. त्यांनी एक डबी वाचली. मग आणखी तीन वाचल्या, न जाणो एखादीवर वेगळं काही असेल.

“तीस वर्षांत तुमची तारीख चुकली नाही, काका. आज तारीखच नाही?”

“साहेब, माझं चुकलं.”

“ते कळलं. सतराशे वेळा कळलं.”

शाई क्षणात वाळणारी. ती उतरवणाऱ्या सॉल्व्हंटमध्ये फडकी बुडवून चौघं जण एकेक झाकण पुसायला बसले. पुसायचं म्हणजे वाचणं आलंच. शंभरेक डब्या झाल्यावर पॅकिंगचा पहिलवान म्हणाला, “काका, धीर कशाचा झाला नाही?”

काकांनी दहा-बारा झाकणं पुसली. “तिला रडताना बघायचा.”

त्यानंतर फडकी जरा हळू फिरू लागली.

शेवटच्या डबीवर बाईंनी हात ठेवला. “ही नका पुसू. झाकण पाठवून द्या त्यांना.”

“जरा नीट लिहायला हवं.”

“सतराशे प्रती काढल्यात, अजून काय नीट लिहिणार?”

“थांबा,” सुपरवायझर म्हणाले. “तारखेशिवाय काही फाटकाबाहेर जाणार नाही.”

“साहेब, नुसतं झाकण आहे.”

“असेना. नियम मी केलेला नाही.”

त्यांनी ते झाकण स्वतः पट्ट्यावर ठेवलं. माफीच्या खाली बॅच नंबर, तारीख आणि ‘चोवीस महिन्यांच्या आत वापरावे’ असं सुबक उमटलं.

घरी काका बराच वेळ झाकणाकडे बघत बसले. खालच्या ओळी पुसाव्यात, तर सॉल्व्हंट वरच्याही ठेवणार नव्हतं. अखेर त्यांनी झाकण पाकिटात घातलं. सोबत एक चिठ्ठी लिहिली, चार महिन्यांत पहिल्यांदाच, एकही अक्षर न खोडता: ‘ताई, मुदतीकडे लक्ष देऊ नकोस.’

आणि कोपऱ्यावर जाऊन पाकीट पेटीत टाकलं.