अप्सरेच्या डोळ्यांना धार

निवृत्त हेडक्लार्कांच्या अंगणात शुक्रवारी सकाळी दगडी अप्सरा उभी राहिली. तिच्या कमरेवरच्या घड्यातून कारंजं उडायचं ठरलं होतं. पंप सुरू केला तेव्हा घडा कोरडाच राहिला आणि अप्सरेच्या दोन्ही डोळ्यांतून धारा लागल्या.

हेडक्लार्क पायरीवर मटकन बसले. रविवारी लेकीच्या होणाऱ्या सासरची माणसं पहिल्यांदाच चहाला येणार होती. हा सगळा खटाटोप त्यांच्यासाठीच होता.

प्लंबरने अप्सरेभोवती दोन फेऱ्या मारल्या. "घड्याची नळी चोंदलीय, काका. पाणी काय, कुठून तरी वाट काढतंच. कंबर फोडावी लागेल."

"लग्न ठरायच्या आधी दारात कुणाची कंबर फोडायची नाही," बायको आतून म्हणाली.

"मग हिचं पाणीच बंद कर," हेडक्लार्क प्लंबरला म्हणाले.

"घराच्याच लाइनवर जोडलंय, काका. हिचं बंद केलं तर तुमची आंघोळ बंद."

शनिवारचा अख्खा दिवस प्लंबर खटपट करत होता. निष्पन्न इतकंच झालं, की आता घरात कुणी नळ सोडला तरच ती रडायची.

रविवारी हेडक्लार्कांनी बादल्या भरून ठेवल्या आणि नळाला हात लावायचा नाही, अशी सगळ्यांना ताकीद दिली. चहा झाला. गप्पा रंगल्या. तेवढ्यात होणाऱ्या विहीणबाई हात धुवायला उठल्या. हेडक्लार्क बादलीकडे धावले, पण उशीर झाला होता.

खिडकीबाहेर अप्सरा ढसाढसा रडू लागली.

"ही कधीपासून रडतेय?" विहीणबाईंनी विचारलं.

"शुक्रवारपासून," बायकोने खरं ते सांगून टाकलं.

"शुक्रवारी काय झालं?"

"या घरात आली."

लेकीने कपाळाला हात लावला.

होणारे व्याही उठले. "जरा बाहेर येता?"

निकाल ऐकायला निघाल्यासारखे हेडक्लार्क त्यांच्यामागून गेले. व्याह्यांनी अप्सरेच्या पाठीमागे वाकून शिल्पकाराची खूण पाहिली आणि सुस्कारा सोडला.

"आमच्या बागेत याचाच गंधर्व आहे. हातातल्या शंखातून पाणी यायचं होतं."

"येत नाही?"

"येतं. शंखातून नाही." व्याह्यांनी मागे वळून दाराकडे पाहिलं आणि आवाज आणखी खाली आणला. "दोन वर्षं झाली, चादर गुंडाळून ठेवलंय त्याला. लग्न ठरलं असं समजा. फक्त आमच्याकडे याल तेव्हा वहिनींना बागेत नेऊ नका."