सोडियम एकशे अठरा

सोडियम या विषयात मला कुणी शिकवायचं नाही! बावीस वर्षं शाळेत रसायनशास्त्र शिकवतोय. रॉकेलच्या बाटलीतून सोडियमचा इवलासा तुकडा काढून मी पाण्यात टाकतो आणि तो सूं सूं करत पळत सुटतो, तेव्हा मागच्या बाकावरची मुलंसुद्धा जागी होतात. त्यामुळे डॉक्टरीणबाईंनी बाबांचं ब्लडप्रेशर बघून लघवी जास्त होण्याची गोळी सुरू केली आणि "मीठ थोडं कमी करा" म्हणून सांगितलं, तेव्हा मी मनात म्हटलं, थोडं कशाला? करायचं तर चोख करायचं!

बाबा म्हणजे नटबोल्टच्या कारखान्यातले छत्तीस वर्षांचे तपासनीस. हातात येईल तो बोल्ट फिरवून बघायचा आणि खोट काढायची. निवृत्त झाले, बोल्ट संपले, मी उरलो. माझे मार्क, माझी नोकरी, माझं टक्कल, कशालाही त्यांनी आजवर 'पास' म्हटलेलं नाही.

मी मिठाची बरणी उचलली आणि थेट शाळेच्या प्रयोगशाळेत कुलूपबंद केली! सूप अळणी, बटाटे अळणी, अंडं अळणी. शिवाय उरलंसुरलं सोडियम धुऊन निघावं म्हणून बाबांना दिवसाला चार लिटर पाणी.

"हे काय आहे?" पहिल्या दिवशी बाबांनी चमचा आपटला.

"सूप, बाबा."

"नापास!"

"अहो, थोडं कमी म्हणाल्यात त्या," बायको म्हणाली.

"तू रसायनशास्त्र शिकलीयेस का?"

"नाही. स्वयंपाक शिकलेय!"

आणि आठ दिवसांत चमत्कार! बाबांनी अख्खं सूप मुकाट्यानं संपवलं आणि म्हणाले, "छान झालंय." मी खुर्चीतून पडायचाच बाकी होतो. दुसऱ्या दिवशी दोन तास पेपर वाचला आणि संपादकाची एकही चूक काढली नाही. पेपर उलटा धरला होता, पण ते मी मनावर घेतलं नाही.

मग रविवारी दुपारी त्यांनी मला जवळ बोलावलं. माझा हात हातात घेतला, बोल्टासारखा उलटसुलट फिरवून पाहिला आणि म्हणाले, "चांगला माल आहे. पास!"

सांगायला लाज कसली? बाथरूममध्ये नळ सोडून मी ढसाढसा रडलो. अठ्ठेचाळीस वर्षं वाट बघितली होती हो!

"अहो, बाबांचं काहीतरी बिघडलंय," बायको दारावर थापा मारत होती. "मला साहेब म्हणतात! भिंत धरून चालतायत!"

"प्रेशर उतरलं, म्हणून शांत झालेत! तुला माझं कौतुक बघवत नाही!"

तेवढ्यात धप्पकन आवाज झाला. बाबा खुर्चीवर बसायला गेले होते आणि खुर्चीशेजारी बसले होते. "कारखाना सुटला का?" असं फरशीला विचारत होते.

हॉस्पिटलात रिपोर्ट आला आणि डॉक्टरीणबाई उडाल्याच.

"सोडियम एकशे अठरा! एकशे पस्तीसच्या वर हवं! काय खायला घालताय यांना?"

मी सगळं सांगितलं. मीठ बंद, पाणी चार लिटर.

"आपण काय करता?"

"ते रसायनशास्त्र शिकवतात," बायकोनं तत्परतेनं सांगितलं.

"अहो सर, मेंदूचे निरोप सोडियमवर चालतात. ते इतकं उतरलं, की माणूस गोंधळतो, भलतंसलतं बोलतो."

हा धडा मी दरवर्षी शिकवतो! मुलांकडून पाठ करून घेतो!

"भलतंसलतं म्हणजे... कौतुक वगैरे?" मी हळूच विचारलं.

"काहीही!"

तीन दिवस सलाइन थेंबथेंब चालू होतं. घाईनं सोडियम चढवणंही धोक्याचं, म्हणे. मी स्टुलावर बसून बाबांचा थंडगार हात धरून होतो. एकशे एकवीस. एकशे सव्वीस. मी मनात हात जोडत होतो, बाबा, तुमचा तो 'पास' परत घ्या, मला रोज शिव्या घाला, पण उठा. एवढी भीती मला आयुष्यात कधी वाटली नव्हती.

एकशे तेहतीसला बाबांनी नीट डोळे उघडले.

"बाबा, मी कोण?"

त्यांनी माझा हात घेतला, फिरवून पाहिला.

"मीठ पळवणारा गाढव! नापास!"

मी असा हंबरडा फोडला, की दोन नर्स धावत आल्या. त्यांना वाटलं, म्हातारा गेला!

बरणी आता टेबलावर, बाबांच्या हाताशी असते. सूपही रोज नापास होतं, मी निश्चिंत असतो. फक्त कुणाला सांगू नका, तो एकशे अठराचा रिपोर्ट मी माझ्या पदवीच्या फायलीत जपून ठेवलाय. बाबांनी पास केल्याचा दुसरा पुरावा आहे कुठे माझ्याकडे?