बालारामकाकांचा अँटेना

मला मदत केली ती बालारामकाका पाटलांनी. कसली मदत, कशी, ते पुढे लिहिते. पण नाव आधी लिहून ठेवलेलं बरं, कारण सांगता सांगता मला मधेच लाज वाटते, मी गप्प होते, आणि ज्याचं नाव घ्यायचं तेच राहून जातं.

तर बालारामकाका म्हणजे भाईंदरजवळच्या आमच्या डोंगरी नावाच्या गावातले असे एकच गृहस्थ, ज्यांच्या घरात टीव्ही आहे आणि ज्यांनी तो कधी धड बघितलेला नाही.

मला ते पहिल्यांदा दिसले ते छपरावर. लग्न होऊन किनवटच्या पलीकडच्या खेड्यातून मी थेट इथे आले, त्याच आठवड्यातली गोष्ट. आमचे हे भाईंदरला स्टीलच्या भांड्यांच्या कारखान्यात पॉलिशला आहेत. काकांच्या घरामागची खोली यांनी भाड्याने घेतली होती. संध्याकाळी मी कळशी घेऊन येते तर स्वयंपाकघरावरच्या स्लॅबवर लुंगी खोचलेला एक उघडाबंब म्हातारा बांबूला मिठी मारून उभा. बांबूच्या टोकाला अॅल्युमिनियमच्या कांड्यांचा सांगाडा, त्यावर एक कावळा.

"आला काऽऽ?" म्हातारा ओरडला.

खाली दारात कुणीच नव्हतं.

"आला काऽऽ?"

मग तो शिडीवरून खाली उतरला, घरात डोकावला, बाहेर येऊन "न्हाय आला" असं स्वतःलाच सांगितलं आणि परत वर चढला. बांबू जरासा फिरवला. "आला काऽऽ?"

मी दार लावून घेतलं. हे कामावरून आल्यावर म्हटलं, "अहो, आपले मालक वेडे आहेत."

हे म्हणाले, "वेडे नाहीत. टीव्ही लावायलेत."

गल्लीत घरोघर केबल आलेली. शंभरेक चॅनल. काका मात्र हवेतून फुकट येणाऱ्या सरकारी चॅनलवर अडून बसलेले. केबलचा विषय काढला की म्हणायचे, "केबल म्हंजे दावनीला बांधल्याला बैल. चित्र हवेत हाय, तं घरात कसा येनार न्हाय!" हे त्यांचं वाक्य ठरलेलं. पाऊस लांबला तरी तेच, रिक्षा मिळेना तरी तेच. "हवेत हाय, तं येनार कसा न्हाय!"

पण त्यांच्या अँटेनाची एक खोड होती. बांबू हाताने धरला तरच चित्र ठरायचं. सोडला की मुंग्या. काकी मी यायच्या आधीच वारलेल्या, घरात दुसरं कुणी नाही. त्यामुळे खाली टीव्ही आणि वर काका अशी कायमची वाटणी झालेली. सिनेमा त्यांना वरूनच ऐकू येई, तोही वारा असेल तसा. सगळे सिनेमे त्यांनी कानाने बघितले आणि अर्धे चुकीचे बघितले. एका सिनेमातल्या नायकाला ते कितीतरी वर्षं मेलेला समजत होते, कारण गोळीचा आवाज आला तेव्हा वारा पडलेला होता आणि तो नंतर उठून गाणं म्हणतो तेव्हा वारा सुटला. बातम्या देणारी बाई त्यांच्या मते साठीची होती. "आवाजातच कलतं ना. सुना-नातवंडांची बाई हाय."

तरुणपणी ते मिठागरात होते. पाणी आगरात कधी घ्यायचं, कधी सोडायचं यात आयुष्य गेलेलं, त्यामुळे टीव्हीलाही त्यांनी समुद्राचाच कायदा लावलेला. भरतीला चित्र सरळ, सुकतीला मुंग्या. लोक पेपरात कार्यक्रम बघतात, काका तिथी बघायचे. "आज अष्टमी. सांजच्याला पानी भरल्याला असनार. सातच्या बातम्या काचंसारख्या."

मी मनातल्या मनात हसायचे. उघड हसायची माझी हिंमत नव्हती, कारण मलाच लोक हसत होते. मी सातवीतून शाळा सोडलेली. बसची पाटी वाचेपर्यंत बस निघून जायची. दुकानात "साखर देताव का" म्हटलं की दुकानदार हिंदीत विचारायचा, "क्या बोला?" आणि बाकीचे माझ्या तोंडाकडे बघायचे. समोरच्या फिलोमावशी तर मला बोलायला लावायच्या. "बोल ना गो, ता 'करायलेत' बोल ना!" त्यांच्या मनात वाईट काही नव्हतं. पण मी हळूहळू बोलणंच बंद केलं. बोट दाखवायचं, वस्तू घ्यायची, घरी यायचं.

एक दिवस काका वरून ओरडले, "ए बाय! जरा घरात डोकव. मुंग्या हायत का मानसा?"

मी डोकावले. माणसं होती. बाहेर येऊन मान हलवली. काकांचं तोंड मुंबईकडे, त्यांना माझी मान कशी दिसणार?

"मुकी हाय का काय तू?"

ओरडायची लाज. सगळ्या गल्लीला माझा आवाज ऐकू जाणार. मी घरातून ताट आणलं आणि त्यावर चमचा वाजवला. काका वरून बघत राहिले, मग खूश झाले. "बेस! एक वाजवला तं आला. दोन वाजवले तं गेला."

त्या दिवसापासून मी रोज संध्याकाळी काकांच्या ओट्यावर ताट घेऊन. फिलोमावशींनी विचारलंच, "पाटलाच्या घरात रोज बाल जन्मतंय काय गो? रोज ताट वाजतंय!" लाजेने माझे कान तापले. पण ताट मी सोडलं नाही. गावातून आल्यावर पहिल्यांदाच कुणीतरी मला काम सांगितलं होतं, आणि ते मला जमत होतं.

मग एक दिवस फिलोमावशींच्या घरच्या फोनवर भावाचा फोन आला. आबा, म्हणजे आमचे वडील, टीव्हीवर येणार होते. शेतीच्या कार्यक्रमवाले गावात येऊन गेलेले. आबांनी रानडुकरं पळवायला सायकलच्या चाकाचा एक पंखा केलाय. वारा आला की चाक फिरतं आणि तेलाचा रिकामा डबा बडवतं. त्याचं शूटिंग झालेलं. गुरुवारी संध्याकाळी साडेसहाला.

भाऊ म्हणाला, "इकडं त्या टायमाला लाईट नसती. आमच्यातलं कुणीच बघू शकत नाही. तू बघ अन् आबाला सांग, कसा दिसला ते. रोज विचारायलाय."

लग्नानंतर मी आबांना बघितलेलं नव्हतं. आनंद झाला तो खरा, पण त्याच्या पाठोपाठ काय आलं ते लिहिताना अजून हात अडतो. वाटलं, हे लोक माझ्या बोलण्याला हसतात, आबांच्या बोलण्याला काय करतील? मी काकांना हळू आवाजात सांगितलं, कुणाला सांगू नका म्हणून. काका लगेच छपरावर चढले आणि चारी दिशांना सांगून मोकळे झाले. "आईका रे! ह्या पोरीचा बाप टीव्हीवर येनाराय! गुरुवारी!"

जमीन फाटावी आणि मी आत जावं, असं झालं.

उतरल्यावर मात्र काकांना तिथी आठवली. बोटांवर काहीतरी मोजत बसले. मग म्हणाले, "गुरुवारी अवस हाय. दुपारी भरती, सांजच्याला सगला पानी गेल्याला. मुंग्याच येतील, बाय." आणि चप्पल घालून निघून गेले.

परत आले ते केबलवाल्या पोराला घेऊनच. मी बघत राहिले. आख्खी गल्ली बघत राहिली. ज्यांनी केबलवाल्याला कुंपणाच्या आत कधी घेतलं नाही, ते बालाराम पाटील त्याला आपल्या हाताने वायर ओढून देत होते. फिलोमावशी म्हणाल्या, "काय पाटीलबाबा, बैल दावनीला बांधला?" अँटेनाची चपटी वायर टीव्हीच्या पाठीमागून काढून, गुंडाळून, काकांनी खिळ्याला टांगली. मला त्या वायरकडे बघवेना.

गुरुवारी सहा वाजता केबल झकास. काका पहिल्यांदाच आपल्या घरात, आपल्या खुर्चीत बसलेले. अवघडून, पाहुण्यासारखे. बातम्या देणारी बाई आली. काका दचकले. "ही? ही तं पोर हाय!"

आणि सव्वासहाला केबल गेली. आमच्याकडे लाईट होती, पण केबलवाल्याचं मशीन जिथे होतं तिकडची लाईट गेलेली. सगळ्या गल्लीतले टीव्ही एकदम खरखरायला लागले. गावात लाईट नाही, इथे केबल नाही. आबांना कुणीच बघणार नव्हतं.

काकांनी खिळ्यावरची वायर काढली, टीव्हीला जोडली, लुंगी खोचली. "ताट घे," एवढंच म्हणाले आणि शिडी चढले.

इकडे गल्लीभर बातमी: पाटलाकडे हवेतला टीव्ही चालतो. बायका आल्या, पोरं आली, फिलोमावशी स्वतःचं स्टूल घेऊन आल्या. घरात पाय ठेवायला जागा उरली नाही. टीव्हीत नुसत्या मुंग्या. वरून काका, "आला काऽऽ?" मी दोन वाजवले. थोड्या वेळाने परत दोन. मग मुंग्यांमधून एक शेत वर आलं. बांध. सायकलचं चाक.

मी एक वाजवला. पण घरात पोरांचा गलका, बाहेर वारा. वर काही ऐकू गेलं नाही. काका बांबू फिरवतच राहिले. चाकामागून आबांचा चेहरा आला, स्वच्छ, अगदी समोर बसल्यासारखा. आणि लगेच बाजूने मुंग्या चढायला लागल्या. मी ताटावर चमचा बडवला, चमचा वाकला. आबांचा एक कान गेला. एक डोळा गेला.

मी ताट टाकलं, दारात आले आणि ओरडले. एवढं मोठ्याने मी जन्मात कधी ओरडले नव्हते. "आला! आला! माझा बाप आलाय! काका, हलू नका! आजाबात हलू नका!"

बांबू थांबला. आबा परत आले.

त्यांच्या सदऱ्याला गुंडीच्या जागी सेफ्टीपिन होती. पुढचे दात नाहीत. "डुकरं काय ऐकत्यात का हो सायेब," आबा म्हणाले, "त्यायला सांगून दमलो, मग ह्यो डबा केला." घरातले सगळे हसले. मला पळून जावंसं वाटलं, पण पळणार कुठे? 'माझा बाप' हे मीच गावभर ऐकवलेलं. मग चाक फिरलं, डबा वाजला, आणि पोरांनी टाळ्या वाजवल्या. फिलोमावशी माझ्या पाठीवर थाप मारून म्हणाल्या, "अगो, तुजा बाप तं आमच्या पाटलाचाच भाऊस! यानी पन बांबू उभा केला, त्यानी पन!" हसणं तेच होतं, पण आता ते मला लागत नव्हतं. मी पण हसले. डोळे पुसत हसले.

आबा गेले, खताची माहिती सुरू झाली. तेवढ्यात कुणीतरी ओरडलं, "केबल आली!" आणि घर रिकामं झालं. फिलोमावशी स्टूल घेऊन गेल्या. मी खाली बसले आणि खताची माहिती बघत राहिले. चित्र एवढं छान होतं की बंद करवेना.

बाहेर अंधारून आलं तेव्हा वरून आवाज आला. मोठा नव्हता.

"बाय… गेला का तुजा बाप?"

मी बाहेर धावले. काका बांबूला तसेच चिकटून उभे. मी 'हलू नका' म्हटलं होतं, आणि मग कुणीच काही म्हटलं नव्हतं. मी तर त्यांना विसरूनच गेले होते. त्यांच्याच घरात, त्यांच्याच टीव्हीपुढे बसून.

"गेला काका. कधीच गेला. उतरा ना!"

ते एकेक पायरी चाचपत उतरले. दंड आखडलेले, बोटं उघडेनात. मी पाणी दिलं तर पेला दोन्ही हातांनी धरला. मला तोंड वर करवेना.

"उतरा असा कोनी बोललाच न्हाय," ते म्हणाले. रागाने नाही. "काकी बोलायची. तुजी काकी कवाच खरा बोलली न्हाय. नुसत्या मुंग्या असल्या तरी खालून 'आला, आला, उतरा आथा.' मी पडन याचा भ्या तिला."

"तुम्हाला माहीत होतं?"

"मना माहीत नसल? एकदा बोलली तरी मी मुद्दाम जरा फिरवायचो. मंग ती आनखी एकदा बोलायची."

पाणी संपवून त्यांनी पेला खाली ठेवला. "कसा दिसला तुजा बाप?"

"लई चांगला दिसला, काका."

"दिसनारच. हवेत व्हता."

केबलची वायर काकांनी दुसऱ्या दिवशी काढून टाकली. आता रोज संध्याकाळी मी ताट न घेता ओट्यावर असते. 'आला' म्हटलं की लगेच 'उतरा' म्हणते. ते ऐकत नाहीत, अजून जरा फिरवतात. मग मी परत म्हणते.

पण एवढ्याने फिटायचं नाही. शिडीची मला भीती वाटते, हेही लाजेचंच. तरी एक दिवस, अष्टमी बघून, मी वर चढणार आहे. बांबू मी धरीन, काका खुर्चीत बसतील, सिनेमा पहिल्यापासून शेवटपर्यंत डोळ्यांनी बघतील. मी वरून विचारीन, "आला का?" त्यांनी फक्त बसल्या जागेवरून म्हणायचं, "आला."

आणि मग ते 'उतर' म्हणेपर्यंत मी हलणार नाही.