वामनभाऊंचं ‘चालते’

आमच्या वामनभाऊंच्या हातात कापडाचा तुकडा दिला की ते तो आधी डोक्याला बांधतात. कापड शर्टाचं असो की पिशवीचं, जागा तीच. त्याच अवतारात दिवसभर धानाच्या बांधीत, म्हणजे भाताच्या शेतात, निंदण करतात आणि संध्याकाळी दुकानात येऊन निकाल सांगतात. “मशीनले काय समजते, ताई? कापडाले पहिले घाम पाजा, मंग छापा.”

शहापूरला हायवेलगत माझं छपाईचं दुकान आहे. कबड्डीचे टी-शर्ट, लग्नात पाहुण्यांना द्यायचे दुपट्टे, सगळं शेकड्यांनी छापायचं. त्याआधी एक नमुना छापून वामनभाऊंकडे द्यायचा. ते तो घासतात, धुतात, उन्हात टाकतात, वरणाचा हात पुसतात. पसंत पडला तर कोपऱ्यात बॉलपेनने लिहितात, ‘चालते’. त्या शब्दाशिवाय आमच्याकडे शाईचा डबा उघडत नाही. मालकीण मी आहे, पण ते पाटीपुरतं.

एकदा एका भजन मंडळाच्या लाल दुपट्ट्याचा नमुना डोक्याला बांधून ते शेतातून थेट नात्यातल्या साक्षगंधाला, म्हणजे साखरपुड्याला, गेले. तिथे दुपट्टा सोडला, तर टक्कल कपाळासकट लालभडक. पाहुण्यांना वाटलं, कुणी महाराज आले. चौघांनी वाकून नमस्कार केला. दुसऱ्या दिवशी मला म्हणाले, “रंग कच्चा हाये. पण मान लय भेटला.” मी मुकाट्याने रंग बदलला आणि मंडळाचे पांढरे सदरे वाचले.

यंदा त्यांच्याच मुलीच्या, निशाच्या, लग्नाचे दुपट्टे छापायचे होते. सासर बपेऱ्याला, म्हणजे जिल्ह्यातच. बायको गेल्यापासून घरात हे बापलेक दोघंच. मी उत्तम सुती कापड मागवून नमुना दिला. निकाल आला, “रंग जाते.” दुसरं मागवलं. “खरखरते.” तिसरं मागवलं. “उन्हात फिकं पडते.” लग्न आठ दिवसांवर आलं तसा माझा पारा चढला. मी त्यांचं घर गाठलं.

वामनभाऊ अंगणात बादलीत तोच तिसरा नमुना खळबळत होते. पाणी स्वच्छ होतं.

“भाऊ, एक थेंब रंग सुटला नाही. काहून अडवून राहिले?”

त्यांनी नमुना पिळला. “मले दिसून राहिलं, ताई. पहिल्या नमुन्यातई खोट नव्हती. पण मी चालते लिहिलं का तुम्ही छापसान, छापलं का लगन होईल. मंग सांजेले निकाल कोणाले सांगू? तुमच्याआंधी निशालेच तं सांगतो.”

भांडायला आलेली मी तिथेच पायरीवर बसले. फार वाईट वाटलं. तेवढ्यात दारातून निशा म्हणाली, “बाबा, मले रोज सांजेले फोनवर सांगजा.”

वामनभाऊंनी पिळलेला नमुना दोरीवर टाकला. “बपेऱ्याले रेंज हाये का? पहिले तपासा लागन.”

दुसऱ्या दिवशी नमुना डोक्याला बांधून ते बसने बपेऱ्याला गेले. संध्याकाळी निशा माझ्याच दुकानात होती. फोन वाजला, तिने स्पीकर लावला. पलीकडून वाऱ्याचा आवाज आला.

मग वामनभाऊ म्हणाले, “चालते.”

निशाने डोळे पुसले. मी शाईचा डबा उघडला.