गजभियेकाकांचं पडणं

लखनौला तेलीबागच्या पलीकडे एक जुना, बुटका काँक्रीटचा बंधारा होता. त्यावर पाय ठेवण्याआधी गजभियेकाका चपला काढत, भिंतीवर टकटक करत आणि विचारत, "येऊ काय जी?"

मग स्वतःच मान डोलावून आत, म्हणजे बंधाऱ्यावर, जात.

सत्तरच्या दशकात आम्ही काही मराठी कुटुंबं रविवारी तिथे पुरीभाजी घेऊन जायचो. काका आमच्याच ऑफिसातले, नागपूरकडचे, एकटे. ते दुसऱ्या टोकाला डबा उघडून बसत. आम्ही लांबून हसत असू.

"बाबूजी, घरवाले क्या बोले?" चहावाला विचारी.

"बोले, दो चाय लाओ." दुसरा कप बंधाऱ्याचा. तोही काकाच पीत.

एका रविवारी मी नवे बूट घालून, नागपूरजवळची कन्हान नदी पोहून गेल्याच्या थापा मारत बंधाऱ्यावर चाललो होतो.

"मेश्राम, बूट काढा. शेवाळ आहे," काका म्हणाले.

मी हसलो आणि थेट पाण्यात गेलो. पोहता मला येत नव्हतं. काकांनाही नव्हतं. तरी त्यांनी कपड्यांसकट उडी टाकली आणि कॉलर धरून मला उभं केलं. पाणी छातीपर्यंतच होतं.

बायका धावत आल्या. मी म्हणालो, "काका घसरले. मी ओढून काढलं."

काका फक्त शिंकले.

पुढे ती गोष्ट मी घरोघरी रंगवली, काकांना समोर बसवून. तेही भर घालत, "अन् मी बेडकावानी!" पोरं लोळायची. "काका, फिर से गिरके दिखाओ ना!" मी मात्र तेवढ्यात पाणी आणायला उठे.

ऐंशीच्या दशकात काका रिटायर होऊन नागपूरला निघाले. आदल्या संध्याकाळी ते बंधाऱ्यावर बसले होते. मी काठावरूनच म्हणालो, "काका, आज निरोपाच्या जेवणात सगळ्यांना खरं सांगतो."

"काहून?" ते दचकले. "पडायच्या आधी मले कोण जेवाले बोलवत होतं? आता पोरं हात धरून नेतात. मी आहे तोवर माह्यं पडणं माह्याजवळ राहू द्या यार."

काका आता नाहीत, म्हणून लिहितो. घसरलो मी. ते अनवाणी होते, ते कसे घसरतील?

त्या संध्याकाळी बंधाऱ्यावर काकांचं बोलणं ऐकून मात्र इतक्या वर्षांनी छाती मोकळी झाली. मी बूट काढले, भिंतीवर टकटक केली.

"येऊ का, काका?"

"या ना जी. घरीच आहे मी."